चावणं थांबवायचं कसं? विशेष शाळेतल्या वर्तनाबद्दल वाचकांचे प्रश्न

विशेष शाळांतले शिक्षक, मदतनीस आणि पालक यांच्याकडून आम्ही मुलांच्या वर्तनाबद्दल प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ‘हे थांबवायचं कसं?’ विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अशा आमच्या गटाने उत्तरं देताना प्रश्न थोडा फिरवून घेतलाय. या वागण्यातून मुलाला काय मिळतं, आणि तेच त्याला दुसऱ्या, सोप्या मार्गाने कसं देता येईल? ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढले आहेत.

प्रश्न : वर्गात नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे, बोलत नाही. टेबलावरचं काम सुरू झालं की चार-पाच मिनिटांत स्वतःचं मनगट चावतो. रागावून झालं, दुर्लक्ष करून झालं, समजावूनही झालं. मनगटावर घट्टा पडलाय. – विशेष शिक्षिका, नेरूळ

बाई, तिन्ही उपाय चावल्यानंतरचे आहेत. काम त्याच्या आधीच्या चार मिनिटांत करायचंय.

पण त्याहीआधी दुखणं तपासून घ्या. ज्या मुलाला सांगता येत नाही त्याचा कान ठणकत असेल, दाढ किडली असेल, चार दिवस पोट साफ झालं नसेल, तर ते बाहेर असंच पडतं. चावणं गेल्या दोन-तीन आठवड्यांत अचानक सुरू झालं किंवा वाढलं असेल, रविवारी घरी आणि रात्रीही होत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य. फिटसाठी औषध चालू असेल तर ते कधी बदललं हे पालकांना विचारा. लेव्हेटिरासिटॅमसारख्या औषधाने काही मुलं चिडचिडी होतात. हे डॉक्टरांना कळवायचं असतं. आपल्या मनाने गोळी बंद करायची नसते, नाहीतर फिट येऊ शकते.

दुखणं नाही हे नक्की झालं की पाच शालेय दिवस फक्त नोंद करा, काही बदलू नका. वहीत पाच रकाने आखा: वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं, जवळ कोण होतं. पानाच्या वर रात्रीची झोप आणि नाश्ता. लिहायचं ते डोळ्यांना दिसलेलं. ‘चिडला’ नाही, ‘उजवं मनगट दातात धरलं, अंदाजे ३ सेकंद’. ‘मूड नव्हता’ हे नोंदवहीतलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य, आणि सगळ्यात जास्त वेळा तेच सापडतं.

पाचव्या दिवशी चौथा रकाना सलग वाचा. चावल्यावर दर वेळी मण्यांचं काम बाजूला सरकवलं गेलं असेल, तर चावण्याने सुट्टी मिळते. कुणीतरी धावत येऊन हात धरून ‘नको रे बाळा’ म्हणत असेल, तर माणूस मिळतो. खेळणं किंवा खाऊ हातात पडत असेल, तर वस्तू मिळते. आणि समोर काम नाही, जवळ माणूस नाही, तरीही चावत असेल, तर चावताना जाणवणाऱ्या दाबाचीच त्याला गरज आहे. बऱ्याचदा दोन कारणं एकत्र असतात. तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण वाटतं, पण नोंद काय सांगते तेच खरं.

सुट्टी हेच कारण निघालं, तर त्याला सुट्टी मागायला शिकवायचं. साधारण ७ सेंटिमीटरचं चौकोनी लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर वर्गातल्या सतरंजीच्या कोपऱ्याचा फोटो, मागे वेल्क्रो. ते टेबलावर, त्याच्या हाताला लागेल असं. शिकवताना मोठी माणसं दोन लागतात. तुम्ही समोर, मदतनीस त्याच्या मागे. तो चौथ्या मिनिटाला चावतो ना, मग दुसऱ्याच मिनिटाला, तो शांत असतानाच, मागच्या व्यक्तीने न बोलता त्याचा हात कार्डाकडे न्यायचा आणि कार्ड तुमच्या हातात द्यायला लावायचं. तुम्ही लगेच ‘सुट्टी हवी’ म्हणायचं आणि सतरंजीवर सोडायचं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ लावा. वाळू संपली की परत टेबल, तेच काम, पण थोडंसं: चार मणी ओवायचे होते तिथे एक. मागच्या व्यक्तीने तोंडाने ‘कार्ड दे, कार्ड दे’ म्हणू नये, नाहीतर मूल सांगण्याची वाट बघायला शिकतं. मदत कमी करत न्या: आधी पंजा धरून, मग कोपराला नुसता स्पर्श, मग तीन सेकंद थांबून बघायचं.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मागणी मान्य. अर्ध्या तासात पंधरा वेळा कार्ड दिलं तरी पंधरा वेळा सुट्टी. इथेच बहुतेक वर्ग कोलमडतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘आत्ताच तर घेतलीस!’ त्या क्षणी मुलाला कळतं की कार्ड कधी चालतं, कधी नाही. चावणं मात्र दर वेळी चालतं. मग तो तुमच्या कार्डावर भरवसा का ठेवेल? तो सलग तीन-चार दिवस स्वतःहून कार्ड देऊ लागला की ‘अजून एक मणी, मग सुट्टी’. मग दोन. एकदम पाच नाही. कामाचीही मांडणी बदला. तीन सोप्या गोष्टींमागे एक अवघड.

मधेच चावलाच तर? लगेच कार्ड पुढे करू नका, नाहीतर ‘आधी चावा, मग कार्ड, मग सुट्टी’ अशी साखळीच पक्की होते. चेहरा कोरा ठेवा, मनगट आणि दातांच्या मध्ये उशी किंवा जाड कापड सरकवा. हात पाच-सहा सेकंद शांत राहिले की एक अगदी सोपी कृती करून घ्या आणि मग कार्ड. आजवर चावून काम टळत होतं, ते टळेनासं झालं की सुरुवातीला चावणं काही दिवस वाढू शकतं. हे पालकांना आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे मिळून योजना बंद करतात आणि मुलाला ‘जोरात चावलं की जमतं’ हा धडा मिळतो. कातडी फाटली तर साबण-पाण्याने धुवून पालकांना त्याच दिवशी कळवा. जखम वारंवार होत असेल तर थांबून बघू नका, तज्ज्ञांना गाठा.

कारण दाबाची गरज असं निघालं, तर कार्डाचा उपयोग नाही. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्याने चावायची नळी, कामाआधी भिंत ढकलणं, पुस्तकांची जड पिशवी ऑफिसपर्यंत नेणं असं काही. तीन आठवडे सगळ्यांनी सारखंच वागूनही चावण्याचा आकडा हलला नाही, तर मुलाला दोष न देता कारणाचा अंदाज चुकला असं धरा आणि नोंदवही पुन्हा उघडा.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रत्येक मुलासाठी दहा चांदण्यांचा तक्ता लावला. शुक्रवारी दहा झाल्या की चॉकलेट. पंधरा दिवस छान चाललं, आता कुणी तक्त्याकडे बघतही नाही. – मुख्याध्यापिका, ठाणे

तक्ता चांगला आहे, हिशेब चुकलाय. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सोमवारच्या चांगल्या वागण्याचं बक्षीस शुक्रवारी मिळालं, तर त्याच्या लेखी ते शुक्रवारी सकाळी जे काही केलं त्याचं बक्षीस असतं. दहाऐवजी तीन चांदण्यांपासून सुरू करा, आणि तीन झाल्या की तिथेच, त्याच मिनिटाला बक्षीस. पहिल्या दिवशी दोन आधीच चिकटवलेल्या असू देत, म्हणजे एक मिळवली की खेळ कळतो. तीन सहज जमल्या की पाच. काही मुलांना पाचाच्या पुढे कधीच न्यावं लागत नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी अडचण चॉकलेट. सगळ्यांना एकच बक्षीस म्हणजे निम्म्यांना काहीच नाही. कुणाला काय हवं ते विचारून कळत नसेल तर जोड्या लावून बघा. सहा वस्तू घ्या, दोन-दोन समोर ठेवा, उचलेल ती नोंदवा. सहा वस्तूंच्या पंधरा जोड्या होतात. दोन दिवसांत विभागून करा. पाण्याची बाटली हलवून बुडबुडे बघणं, स्टेपलरचा आवाज, लिफ्टचं बटण दाबायला मिळणं अशी उत्तरं येतात. हसू नका, त्याच्यासाठी तेच मोलाचं. ही चाचणी दर महिन्याला पुन्हा करा, कारण आवड बदलते. खाऊच ठेवायचा असेल तर वाटाण्याएवढा तुकडा किंवा चार कुरमुरे पुरतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं वजन पटकन वाढतं, आणि फिटसाठी कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहारावर असलेल्या मुलाला गोड चालत नाही. पालकांना विचारल्याशिवाय खाऊ नको.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: मिळालेली चांदणी परत काढून घेऊ नका. कमावलेलं हिसकावलं जातं हे कळल्यावर तक्ताच फाडला जातो. तक्ता फाडणाऱ्या मुलाची तक्रार करणाऱ्या वर्गात बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

तक्त्याच्या बरोबरीने तुमचं बोलणं मोजा. मदतनीस ताईंना दहा मिनिटं मागे बसवून दोन रकान्यांत रेघा मारायला सांगा: एक कौतुकाचा, एक ‘नको, थांब, बस खाली’चा. एका टोकण्यामागे चार कौतुकं, हा सर्वसाधारण दंडक. कौतुक नेमकं हवं. ‘गुड बॉय’ने काही कळत नाही, ‘डबा जागेवर ठेवलास’ म्हटलं की कळतं. शाळेचे नियमही तीनच ठेवा, आणि ते काय करायचं हे सांगणारे, चित्रासकट. ‘पळू नये’ऐवजी ‘चालत जायचं’.

प्रश्न : मुलगा मारायला, केस ओढायला लागला की त्याला धरायचं का? एकदा दोघींनी मिळून खाली दाबून धरलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या तसं करायचं नाही. मग करायचं काय? – मदतनीस, ऐरोली

ताई, मोठ्या बाई बरोबर आहेत, पण त्यांनी पुढचंही सांगायला हवं होतं. हे शिकवल्याशिवाय मदतनिसांवर जबाबदारी टाकणं हीच शाळेची चूक.

आधी बाकीच्या मुलांना बाहेर न्या. चिडलेल्या मुलाला बाहेर काढण्यापेक्षा हे सोपं आणि सुरक्षित. कात्री, कंपास, स्टीलचा डबा उचला. दोन हातांचं अंतर ठेवा, समोर छाती काढून नाही, थोडं तिरकं उभं राहा, दाराची वाट मोकळी ठेवा. एकच माणूस बोलेल, आणि तेही एकच छोटं वाक्य हळू आवाजात: ‘मी इथे आहे.’ प्रश्न नाही, समज नाही, डोळ्यांत डोळे नाहीत. या अवस्थेत मुलाला लांब वाक्य कळत नाही. ते त्याच्यासाठी आणखी एक गोंगाट असतो.

केस पकडले तर मागे ओढू नका. त्याची मूठ आपल्या हाताने आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरा, मान त्याच्या हाताच्या दिशेने न्या आणि पकड सैल होण्याची वाट बघा. चावा घेतला तर हात खेचू नका, कातडी फाटते. हात किंचित त्याच्या तोंडाकडे ढकला, जबडा सैल पडतो. नाक दाबणं, गाल पिळणं अजिबात नाही.

धरायचं फक्त तेव्हा, जेव्हा तो रस्त्यावर पळतोय किंवा काचेवर डोकं आपटतोय. तेही कमीत कमी वेळ, आणि शक्यतो शिकून घेतलेल्या माणसाने. पालथं पाडणं, छाती, पाठ किंवा मानेवर वजन देणं यात श्वास अडकतो आणि मृत्यू ओढवू शकतो. ओढणीने खुर्चीला बांधणं, खोलीत कोंडणं हे उपाय नव्हेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ६ क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं. शांत कोपरा ठेवायचा तर मूल त्यात स्वतः जाईल आणि स्वतः बाहेर येईल असा. दार लावलं की ती कोठडी झाली.

वादळ ओसरल्यावर लगेच ‘सॉरी म्हण’ नको. वरून शांत दिसला तरी आतून सावरायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. त्या वेळात पुन्हा काम दिलं तर दुसरा भडका उडतो. पाणी द्या, बसू द्या. त्याच दिवशी नोंद करा आणि पालकांना फोन करा. फाटकाशी, इतर पालकांसमोर सांगू नका.

प्रश्न : नातू शाळेत शहाण्यासारखा बसतो म्हणतात. घरी मोबाइल काढून घेतला की जमिनीवर लोळण. असं का? – आजी, कोपरी

आजी, शाळेत काय कधी संपणार हे त्याला फळ्यावरच्या चित्रांवरून दिसतं, घरी नाही. शिवाय दिवसभर सांभाळून बसल्यावर घरी येऊन तो सैलावतो. आल्या आल्या अर्धा तास काही सांगू नका. खायला द्या आणि त्याच्या मर्जीवर सोडा.

मोबाइलचं म्हणाल तर एकच विचारतो: दहा मिनिटं रडल्यावर तुम्ही देता ना? मग तो दहा मिनिटं रडायला शिकलाय. उद्या नाही दिलात तर पंधरा रडेल. कधी देणं, कधी न देणं हे सगळ्यात वाईट, कारण मग तो कधीच थांबत नाही. देण्याआधीच ‘दोन गाणी’ असं बोटांनी दाखवा, दुसरं गाणं सुरू होताना ‘हे शेवटचं’, आणि संपताना हातात दुसरं आवडीचं काहीतरी तयार ठेवा. आणि हे घरातल्या सगळ्यांनी. आजोबांनी गुपचूप दिला की संपलं.

प्रश्न : कासारवडवलीहून नौपाड्याच्या शाळेत बसने येणारी मुलगी, बस नेहमीच्या रस्त्याने गेली नाही की किंचाळते, पट्टा काढते. घोडबंदर रोडवर कधी काय असेल सांगता येत नाही. – पालक

रस्ता आपल्या हातात नाही, पण ‘बदल’ ही गोष्ट शिकवता येते. पाटलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी अशा ओळखीच्या खुणांचे फोटो काढून एका पट्टीवर क्रमाने लावा, शेवटी शाळेचा फोटो. बसमधल्या मावशींनी एकेक खूण मागे पडली की फोटो काढून पिशवीत टाकायचा. रस्ता बदलला तर त्या फोटोवर पिवळं ‘बदल’ कार्ड; शाळेचा फोटो मात्र तिथेच राहतो, हे बोट ठेवून दाखवायचं. हे कार्ड आधी घरी, सुखाच्या बदलांनी शिकवा: पोळीऐवजी डोसा, पिवळं कार्ड. दोन आठवडे असं झाल्यावरच बसमध्ये आणा. पहिल्यांदा ते ट्रॅफिकमध्येच दाखवलं तर पिवळं दिसलं की ती किंचाळेल.

जागा दाराजवळ किंवा चालकाच्या मागे नको. पट्टा ओढणीने बांधू नका, अपघातात सोडवता येत नाही. पट्टा लावून शाळेत पोचली की आवडती वस्तू बसच्या पायरीवरच हातात द्या, वर्गात पोचेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : चौदा वर्षांचा मुलगा वर्गात पँटमध्ये हात घालतो. मुलींचे पालक तक्रार करतात. – शिक्षक, कोपरखैरणे

आधी खाज. पावसाळ्यात ओलसर कपड्यांनी जांघेत बुरशी होते, आणि हा ‘वर्तनाचा प्रश्न’ मलमाने सुटतो. लघवीला जळजळ, घट्ट इलॅस्टिक हेही बघा. ते नसेल तर नोंदीत वेळ पाहा; बहुधा रिकाम्या वेळी होतं. त्या वेळी दोन्ही हात गुंततील असं काम द्या. झालंच तर ‘हात टेबलावर’ एवढंच, नेहमीच्या आवाजात. ओरडलात, हसलात तर लक्ष मिळतं आणि वाढतं.

वाढत्या वयात हे नैसर्गिक आहे. शिकवायचं ते कुठे. घरचं न्हाणीघर किंवा स्वतःची खोली, दार बंद, एकटा असताना, याचं चित्रकार्ड करा. शाळेचं स्वच्छतागृह ‘चालेल’च्या यादीत नको, कारण उद्या तो स्टेशनवरचंही तसंच समजेल आणि अडचणीत येईल. आणि मोठ्यांनी आपल्या सवयी बदलाव्यात. चौदा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेणं, गालगुच्चे, दार उघडं ठेवून कपडे बदलणं बंद करा. त्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारलं, तरच तो दुसऱ्याला विचारायला शिकेल आणि स्वतःला कुणी हात लावला तर सांगेल.

प्रश्न : वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमात वर्तनाची नोंद कोणत्या मापाने करावी? आणि मार्गदर्शन कुठे मिळेल? – विशेष शिक्षक, पनवेल

सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने आपल्याकडच्या मुलांसाठी तयार केलेलं बेसिक-एमआर हे वर्तन मोजण्याचं माप अनेक विशेष शाळांत आहे. त्याच्या ‘ब’ भागात दहा गटांत ७५ समस्या-वर्तनं आहेत. कधीच नाही ०, अधूनमधून १, वारंवार २. वर्षाच्या सुरुवातीला आणि सहामाहीला भरायला चांगलं. पण त्यातून ‘किती’ कळतं, ‘का’ कळत नाही. त्यासाठी वर सांगितलेली रकान्यांची वहीच हवी. कार्यक्रमात ‘चावणं कमी होईल’ असं उद्दिष्ट लिहू नका. ‘मुलगा पाचपैकी चार वेळा स्वतःहून सुट्टीचं कार्ड देईल’ असं लिहा, म्हणजे मोजता येतं.

त्याच संस्थेचं प्रादेशिक केंद्र तुमच्याजवळ खारघरला आहे, आणि वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र. पालकांना निरामय आरोग्य विम्याबद्दलही सांगा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही १ लाख रुपयांपर्यंतची योजना आहे, आणि त्यात रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. पावत्या टाकून देऊ नका. थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि सही पावतीवर आहे ना, हे तिथल्या तिथे बघून घ्यायला सांगा.